ऑटोकॅडची लिस्प थोडी थोडी जमतेय, आता पूर्ण लिस्प शिकावी का?

सायली_ड्राफ्टिंग

नमस्कार. मी सिव्हिल डिप्लोमा केलाय, अंधेरी ईस्टला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंगला आहे. आमच्याकडे जास्त करून सोसायट्यांच्या रीडेव्हलपमेंटची कामं येतात, म्हणजे प्लॅन बदलला की एरिया स्टेटमेंट परत, एखाद्या मेंबरने किचन वाढवून मागितलं की परत, कमिटीची मीटिंग झाली की परत. आमचे आधीचे सीनियर हे सगळं एका एलएसपी फाइलने (ऑटोकॅडच्या आत चालणाऱ्या लिस्प भाषेतला छोटा प्रोग्रॅम) करायचे, कमांड टाकली की प्रत्येक खोलीत एरियाचं टेक्स्ट येऊन बसायचं. ते सोडून गेले, फाइल राहिली. नवीन प्रोजेक्टमध्ये लेयरची नावं वेगळी आहेत म्हणून ती चालेना, मग मी ती नोटपॅडमध्ये उघडली, दोन-तीन ठिकाणी नावं बदलली आणि चालली. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. कंस खूप आहेत पण वाचताना एक लय लागते आणि मला ते सी प्लस प्लसपेक्षा, जे डिप्लोमाला होतं, खूपच सोपं वाटलं.

आता विचारायचंय ते असं की ही ऑटोकॅडवाली लिस्प म्हणजे खरी लिस्पच का काहीतरी वेगळंच? नेटवर बघितलं तर कॉमन लिस्प, स्कीम, रॅकेट, क्लोजर असं बरंच काही दिसतं, त्यातलं काय धरायचं? आणि मुंबईत याचा नोकरीसाठी काही उपयोग होतो का हेही सांगा. वेळ म्हणाल तर कल्याण ते दादर ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर मोबाईलवर वाचते, आणि ऑफिसमध्ये जेवणानंतर थोडा.

जुना_कॅडवाला_ठाणे

सायली, तू शिकतेयस ती खरी लिस्पच आहे. ऑटोकॅडमध्ये ती १९८६ साली आली, एक्सलिस्प नावाच्या छोट्या लिस्पवरून बनवलेली. तिच्यात खूप गोष्टी कमी आहेत हे पुढे कोणीतरी सांगेलच, पण गाभा तोच. यादी, कंस, कंसातला पहिला शब्द म्हणजे काम आणि बाकीचे त्या कामाला दिलेले.

मी तर म्हणेन तुझ्याकडे असा फायदा आहे जो कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या पोरांकडेही नसतो. त्यांना यादी शिकवताना १, २, ३ असे आकडे देतात आणि त्यांना कळत नाही की याचं करायचं काय. तुझं सगळं ड्रॉइंगच याद्यांचं आहे. कमांड लाइनवर (एंटगेट (कार (एंटसेल))) टाक आणि एका लाइनवर क्लिक कर (मी देवनागरीत लिहितोय, तिथे अर्थातच इंग्रजीत टाकायचं). समोर एक यादी येईल, तिच्यात प्रत्येक गोष्टीला नंबर दिलेला आहे, ० म्हणजे कुठल्या प्रकारची वस्तू, ८ म्हणजे लेयर, १० आणि ११ म्हणजे लाइनची दोन टोकं, ६२ म्हणजे कलर जर वेगळा दिला असेल तर. सर्कलला ४० नंबरवर रेडियस सापडेल. ही यादी डेटा नावाने ठेवली असं धर. आता लेयर पाहिजे तर (कुडर (असोक ८ डेटा)), बस, असोक ८ नंबरची जोडी शोधतो आणि कुडर तिच्यातला नंबर सोडून उरलेलं देतो. आणि लेयर बदलायचा तर त्या यादीतली ती एक जोडी सब्स्टने बदलायची आणि एंटमॉडला यादी परत द्यायची, ड्रॉइंगमध्ये वस्तू बदललेली दिसते. यादी वाचली, यादी बदलली, यादी परत दिली. लिस्प म्हणजे ९० टक्के हेच आणि ते तू डोळ्यांनी बघू शकतेस.

एक ध्यानात ठेव, पॉलीलाइनच्या यादीत १० नंबर प्रत्येक कोपऱ्याला एकदा येतो आणि असोक फक्त पहिला देतो. त्यामुळे सगळे कोपरे पाहिजेत तर फोरइचने पूर्ण यादी फिरायला लागते. इथे लोक अडकतात आणि मग म्हणतात लिस्प वाईट.

नोकरीचं म्हणशील तर "लिस्प प्रोग्रॅमर पाहिजे" अशी जाहिरात आपल्या लाइनीत येत नाही, पण ज्या ऑफिसात शंभर शीट एका दिवसात काढायच्या असतात तिथे ज्याला लिस्प येते तो माणूस ऑफिसला सोडवत नाही. आणि हो, ऑटोकॅड एलटीमध्ये पूर्वी लिस्प चालायची नाही, २०२४ च्या व्हर्जनपासून चालते, त्यामुळे छोट्या ऑफिसांमध्येही आता करता येईल.

रेव्हिटवाला_विक्रोळी

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. पुढची पाच-दहा वर्षं बघायची असतील तर पायथॉन शिका. मोठी ऑफिसं रेव्हिटवर (बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) जातायत, तिथे डायनॅमो नावाच्या जोडीच्या टूलमध्ये पायथॉन चालतं, लिस्प चालत नाही. विंडोजवर ऑटोकॅडशीसुद्धा पायथॉनमधून कॉमने (एका प्रोग्रॅमने दुसरा चालवायची विंडोजची सोय) बोलता येतं. एक्सेलची शीट वाचणं, पीडीएफ फोडणं, हे सगळं पायथॉनमध्ये तयार मिळतं. ट्रेनमधला वेळ मर्यादित असतो, तो जिथे जास्त ठिकाणी उपयोगी पडेल तिथे घालवावा असं माझं स्पष्ट मत.

जुना_कॅडवाला_ठाणे

रेव्हिटचं म्हणणं बरोबर आहे. पण सायलीच्या ऑफिसात उद्या सकाळी ऑटोकॅडच उघडणार आहे आणि त्याच्यात लिस्प आधीपासून बसलेली आहे, काही इन्स्टॉल करायला नको, आयटीवाल्याची परवानगी नको. आधी हे, मग पायथॉन. लिस्प आल्यावर पायथॉन शिकायला फार वेळ लागत नाही, हे मी आमच्या ऑफिसातल्या पोरांचं बघितलंय.

पवई_क्लोजर

मी आयटीमध्ये आहे, रोजचं काम क्लोजरमध्ये करतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

आधी नोकरी, कारण तो प्रश्न खरा आहे. मुंबईत लिस्पच्या जागा कमी आहेत, अगदी कमी, हे मान्य करूनच पुढे जाऊ. ज्या आहेत त्या बहुतेक क्लोजरच्या. क्लोजर रिच हिकीने २००७ मध्ये काढली, ती जावाच्या मशीनवर चालते त्यामुळे कंपन्यांना घाबरायला होत नाही, जावाच्या सगळ्या लायब्ररी तशाच वापरता येतात. पुण्यात हेल्पशिफ्टने ती वापरलीय, ब्राझीलची नूबँक तर एवढी मोठी बँक क्लोजरवर चालवते आणि २०२० मध्ये त्यांनी हिकीची कंपनीच विकत घेतली. कॉमन लिस्पमध्ये विमानाच्या तिकिटांचं सर्च करणारी आयटीए सॉफ्टवेअर होती, ती गूगलने २०११ मध्ये घेतली. म्हणजे भाषा मेलेली नाहीये, पण जागा मोजक्या, आणि त्या जागांसाठी लिस्पबरोबर डेटाबेस, नेटवर्क, लिनक्स हे सगळं यायला लागतं. फक्त नोकरीसाठी शिकणार असाल तर रेव्हिटवाल्यांचं ऐका.

पण तुम्ही लिहिलंय की वाचताना लय लागते, मला ते वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. ज्याला पहिल्यांदाच कंस टोचत नाहीत त्याने लिस्प सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

कारण काय ते सांगतो. जॉन मॅकार्थीने एमआयटीमध्ये १९५८ ला हे काम सुरू केलं आणि १९६० मध्ये पेपर छापला. त्यात त्याने मोजक्या क्रिया घेऊन, यादी बनवणं, पहिलं काढणं, उरलेलं काढणं, दोन गोष्टी सारख्या आहेत का बघणं, अशा, एव्हल नावाचं एक फंक्शन कागदावर लिहिलं जे लिस्पमध्येच लिस्पचा कुठलाही प्रोग्रॅम चालवेल. त्याच्यासाठी ते गणित होतं. स्टीव्ह रसेलने बघितलं आणि म्हटलं हे मशीनवर उतरवता येईल, आणि आयबीएम ७०४ वर उतरवलं. आज बऱ्याच भाषांमध्ये नको असलेली मेमरी आपोआप मोकळी होते ना, ती गार्बेज कलेक्शनची कल्पनासुद्धा मॅकार्थीने लिस्पसाठीच काढली. पायथॉन वापरणारा माणूस रोज लिस्पमधून आलेल्या गोष्टी वापरतो.

दुसरं कारण रेपल. तुम्ही ऑटोकॅडच्या कमांड लाइनवर कंस टाकून लगेच उत्तर बघता ना, तेच. प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या आत जाऊन विचारायचं की तुझ्या हातात आत्ता काय आहे, एक फंक्शन बदलायचं, पुढे चालू. नासाच्या डीप स्पेस १ यानावर १९९९ मध्ये लिस्पमध्ये लिहिलेला रिमोट एजंट चालवला होता, तो मध्येच अडकला तेव्हा यान कोट्यवधी किलोमीटर लांब असताना नेमकं कुठे अडकलंय ते शोधायला याच रेपलचा उपयोग झाला. मी रोज तसंच काम करतो, सर्व्हर चालू ठेवून, आणि एकदा याची सवय झाली की बाकीच्या भाषांमध्ये प्रत्येक वेळी बंद करून चालू करणं फार जड जातं.

तुमच्यासाठी माझा सल्ला, आत्ता ऑटोलिस्पच, म्हणजे ऑटोकॅडची लिस्पच, ठेवा आणि तिच्या बरोबरीने घरी रॅकेट टाका. कॉमन लिस्प नंतर. तिच्यासाठी एसबीसीएल हा कंपायलर फुकट आहे, उत्तम आहे, पण सुरुवातीलाच ईमॅक्स हा एडिटर आणि त्याला लिस्प जोडणारं स्लाइम यांची जुळवाजुळव करण्यात माणूस थकतो आणि भाषा बाजूला राहते.

सायली_ड्राफ्टिंग

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, एंटगेट करून बघितलं आणि खरंच सगळं दिसलं, मी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत एकेका वस्तूवर क्लिकच करत बसले होते. डायमेन्शनची यादी केवढी मोठी असते!

आता एक अडलंय. सीनियरांच्या फाइलमध्ये लेयरचं नाव आत लिहून ठेवलेलं होतं, (एसएसगेट "एक्स" '((० . "एलडब्ल्यूपॉलीलाइन") (८ . "रूम"))) असं. ते चालतं. मला लेयर विचारून घ्यायचाय म्हणून गेटस्ट्रिंगने लेयर नावाच्या व्हेरिएबलमध्ये घेतला आणि "रूम"च्या जागी लेयर ठेवलं, अवतरण चिन्ह काढून. तर बॅड एसएसगेट लिस्ट व्हॅल्यू असं येतं. कमांड लाइनवर !लेयर टाकलं तर नाव बरोबर दिसतं. मग असं का?

गणित_आणि_कंस

मी कॉलेजमध्ये कॉम्प्युटर शिकवते, माटुंग्याला. सायली, तुझा हा प्रश्न लिस्पमधला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

लिस्पला तू कंस दिलास की ती एकच नियम पाळते. पहिला शब्द म्हणजे काय करायचं. बाकीच्या प्रत्येकाची आधी किंमत काढायची आणि त्या किमती त्याला द्यायच्या. (+ २ (* ३ ४)) मध्ये आधी आतला कंस सुटतो, १२ येतात, मग १४. लेयर असं नुसतं लिहिलं तर त्या व्हेरिएबलची किंमत काढली जाते. आता कंसाच्या आधी जे एक छोटं चिन्ह आहे, कोट, ते लिस्पला सांगतं की इथे काहीही सोडवू नको, जसं लिहिलंय तसंच माझ्या हातात दे. तुझ्या सीनियरांच्या यादीत सोडवण्यासारखं काही नव्हतंच, सगळं पक्कं लिहिलेलं, म्हणून चालायचं. तू लेयर ठेवलंस आणि कोट तसंच राहिलं, त्यामुळे एसएसगेटला लेयरचं नाव मिळालंच नाही, त्याला लेयर हा नुसता शब्द मिळाला. तो म्हणतो ही काय व्हॅल्यू झाली.

म्हणून कोट काढायचं आणि यादी स्वतः बांधायची. (लिस्ट (कॉन्स ० "एलडब्ल्यूपॉलीलाइन") (कॉन्स ८ लेयर)). लिस्ट आणि कॉन्स ही साधी फंक्शन आहेत त्यामुळे आतल्या लेयरची किंमत निघते आणि मग जोडी बनते. बदलणारं काही असेल तर बांधायची, सगळं पक्कं असेल तर कोट.

आता यातून पुढे काय दिसतं ते बघ, कारण लिस्प शिकण्याचं खरं कारण मला इथे वाटतं. '(+ २ ३) असं कोट लावून दिलंस तर उत्तर ५ येत नाही, तीन गोष्टींची यादी येते, अधिक, २, ३. म्हणजे प्रोग्रॅमचा तुकडाच यादी म्हणून तुझ्या हातात आला. तू जशी लाइनची यादी घेऊन लेयर बदलतेस तसं या यादीतलं अधिक काढून गुणिले घालू शकतेस आणि एव्हलला दिलंस तर ६ येतील. प्रोग्रॅम लिहिणारा प्रोग्रॅम. बाकी भाषांमध्ये हे करायला फार खटाटोप असतो, लिस्पमध्ये प्रोग्रॅम आणि यादी दिसायलाच एकसारखे, म्हणून ते कंस. कंस लोकांना त्रास वाटतात पण ते काढले तर हे सगळं जातं.

याच्यावरच मॅक्रो, म्हणजे आपल्यासाठी कोड लिहून देणारे तुकडे, उभे आहेत आणि ते ऑटोलिस्पमध्ये नाहीत, ही तिच्यातली सगळ्यात मोठी उणीव. तुझ्याच कामातलं उदाहरण देते. प्रत्येक कमांडच्या सुरुवातीला ऑसमोड ० करायचा (म्हणजे स्नॅप बंद), सीएमडीइको बंद करायचा (म्हणजे कमांड लाइनवर छापणं बंद), अनडूची सुरुवात टाकायची, मग खरं काम, मग शेवटी सगळं परत पहिल्यासारखं, आणि मध्येच कोणी एस्केप दाबला तरी परत झालं पाहिजे. हे प्रत्येक फाइलमध्ये लोक परत परत चिकटवतात. कॉमन लिस्पमध्ये असतं तर एक मॅक्रो लिहायचा आणि मग "सेटिंग सांभाळून" असा जणू भाषेचाच एक नवीन शब्द तयार होतो, त्याच्या आत फक्त खरं काम. कॉमन लिस्पमध्ये फाइल उघडून आपोआप बंद करणारा विथ-ओपन-फाइल हा असाच मॅक्रो आहे. ऑटोलिस्पमध्ये लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) पाठवून थोडंफार जमतं पण ते तेवढं सुबक होत नाही.

आणखी दोन फरक, पुढे जाशील तेव्हा लागतील. ऑटोलिस्पमध्ये (/ १ २) केलं की ० येतो, दोन्ही पूर्णांक असले की अपूर्णांक टाकून देते. मिलीमीटरचं चौरस मीटर करायला कोणी (* एरिया (/ १ १००००००)) लिहिलं तर सगळ्या खोल्या शून्य. १००००००.० असं लिहायचं. कॉमन लिस्प आणि रॅकेटमध्ये (/ १ २) म्हणजे एक द्वितीयांशच राहतो, अचूक, मला शिकवताना ते फार आवडतं. दुसरं म्हणजे डिफनमध्ये आडव्या रेघेनंतर जी व्हेरिएबल लिहितात ती लोकल, लिहायला विसरलं तर ती ड्रॉइंग बंद होईपर्यंत जिवंत राहतात. शिवाय ऑटोलिस्पमध्ये एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा पहिल्याची लोकल व्हेरिएबल दुसऱ्याला दिसतात. स्कीममध्ये, जी स्टील आणि ससमन यांनी १९७५ मध्ये केली, हे बदललं, तिथे व्हेरिएबल जिथे लिहिलं त्या जागेवरून ठरतं. रॅकेट स्कीमच्याच घरातली.

पवईवाल्यांचं रॅकेटबद्दल बरोबर आहे. डॉक्टररॅकेट उघड, भाषा बिगिनिंग स्टुडंट निवड आणि स्टेपरचं बटण दाब. आतला कंस आधी कसा सुटतो, मग बाहेरचा, एकेक पायरी रंगवून दाखवतो. पुस्तक पाहिजे तर "हाऊ टू डिझाइन प्रोग्रॅम्स" नेटवर फुकट आहे, ट्रेनमध्ये मोबाईलवर वाचता येईल असं आहे, आणि इंग्रजी सोपं आहे.

बोरिवली_प्लॉटर

मध्येच एक. कन्सल्टंटकडून झिप आली आणि तिच्यात ड्रॉइंगच्या शेजारी acad किंवा अकॅडडॉक नावाची एलएसपी किंवा एफएएस (तीच, कंपाइल केलेली) फाइल दिसली तर उघडण्याआधी उडवा. अशा नावाच्या फाइल आपोआप लोड होतात आणि त्यातून पसरणारे व्हायरस जुने आहेत, प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःची कॉपी टाकत जातात. सिक्युअरलोड (अनोळखी फोल्डरमधली फाइल लोड होण्यापासून सांभाळणारं सेटिंग) बंद ठेवू नका, आपल्या फाइल ठेवायचा फोल्डर ट्रस्टेड पाथमध्ये (भरवशाच्या फोल्डरांच्या यादीत) घाला.

सायली_ड्राफ्टिंग

बाई, कॉन्स लावल्यावर लगेच चाललं! आणि का चाललं तेही कळलं. कोटवाला भाग मी ट्रेनमध्ये दोनदा वाचला. डॉक्टररॅकेट घरच्या लॅपटॉपवर टाकलंय, स्टेपर बघून भावाला पण दाखवलं, तो अकरावीला आहे.

आता प्रोग्रॅम असा झालाय की लेयर विचारतो, त्यावरच्या सगळ्या पॉलीलाइन घेतो, प्रत्येकीचा एरिया काढतो, मॅपकारने एकेकाचे चौरस फूट करतो आणि अप्लायने सगळ्यांची बेरीज. पण फ्लॅटचा रेरा कार्पेट म्हणून जो आकडा येतो तो सरांनी हाताने काढलेल्यापेक्षा कमी येतो, प्रत्येक फ्लॅटला थोडा वेगळा फरक. वन बीएचकेला कमी फरक, थ्री बीएचकेला जास्त. १०.७६४ नेच गुणलंय. कोडमध्ये काय बघू?

जुना_कॅडवाला_ठाणे

कोड बरोबर असणार. तू खोल्यांची बेरीज करतेयस. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट म्हणजे बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस सोडून, पण फ्लॅटच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून. खोल्याखोल्यांच्या पॉलीलाइन भिंतीच्या आतल्या कडेने जातात, त्यामुळे दोन खोल्यांच्या मधली भिंत कुठेच मोजली जात नाही. १०० मिमी जाडीची ३ मीटर लांब भिंत म्हणजे ०.३ चौरस मीटर, सव्वातीन चौरस फूट. थ्री बीएचकेमध्ये अशा भिंती जास्त म्हणून तिथे फरक जास्त.

रेरासाठी वेगळा लेयर कर आणि त्यावर प्रत्येक फ्लॅटची एकच पॉलीलाइन काढ, बाहेरच्या भिंतीच्या आतल्या कडेने. शाफ्ट आत येत असेल तर त्याची वेगळी पॉलीलाइन वेगळ्या लेयरवर आणि ती वजा. खोल्यांचा लेयर खोलीचं माप लिहायला तसाच राहू दे, प्रोग्रॅम तोच, फक्त लेयर विचारून घेतो ना, मग दोनदा चालवायचा.

आणि एक तपासणी आत टाक. पॉलीलाइन बंद नसली तरी ऑटोकॅड एरिया देतो, पहिलं आणि शेवटचं टोक सरळ रेघेने जोडलंय असं धरून. म्हणजे एरर येत नाही, चुकीचा आकडा येतो आणि तो सोसायटीच्या तक्त्यात जाऊन बसतो. यादीत ७० नंबर बघ, त्यातला १ चा बिट चालू असेल तर बंद आहे. लॉजअँडने बघता येतं, (लॉजअँड १ (कुडर (असोक ७० डेटा))), उत्तर १ आलं तर मोजायची, ० आलं तर कलर लाल करून यादीत टाक आणि शेवटी सांग की एवढ्या उघड्या आहेत.

सायली_ड्राफ्टिंग

आत्ता बघितलं, ए विंगच्या रेरा लेयरवर दोन उघड्या निघाल्या. लाल केल्या. काका, हँडल (प्रत्येक वस्तूचा वेगळा ओळख क्रमांक) छापून दिलं तर सरांना शोधायला सोपं जाईल ना? ते ५ नंबरवर दिसतंय मला यादीत.

जुना_कॅडवाला_ठाणे

हो, ५ च. आणि त्या हँडलवरून परत वस्तू पाहिजे असेल तर हँडएंट.